सहावा दाणा

४ नोव्हें., मंगळ.
सकाळी रोहिणीचा फोन. माझी दाढी अर्धी झालेली.
"बाबा, सुनो ना, पहले बैठ जाओ. या महिन्याच्या ट्रिपमध्ये एक केबिन खाली राहिली. स्टाफच्या आईवडिलांना देतात. मी तुमचं दोघांचं नाव टाकून दिलं."
"कुठची ट्रिप?"
"अल्दाब्रा!"
साबण गालावर वाळून गेला. अल्दाब्रा! हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या अलीकडे. लाखभर राक्षसी कासवं, माणसं मोजून पंधरा-वीस. पोरगी तीन वर्षांपासून फोटो पाठवते आणि मी ते मोठे करून करून बघतो. तिचं जहाज छोटं, सत्तर प्रवाशांचं, पण थाट राजाचा. तिथे ती लोकांना बेटांवरचे पक्षी दाखवते. अजून असिस्टंटच. हा सीझन ट्रायलचा. शेवटी लीडरबाईंनी चांगला रिपोर्ट दिला तर पक्की गाइड, नाही तर करार संपला.
विमलला सांगितलं. ती कुकर लावत होती. म्हणाली, "जहाजात पोळ्या भेटते का?" मग शिट्टी व्हायच्या आतच गॅस बंद करून खाली बसली. रडत होती की हसत होती, कळलं नाही.

५ नोव्हें.
पासपोर्ट कपाटात सापडले. तीन वर्षांपूर्वी रोहिणीने जबरदस्तीने काढायला लावले होते तेव्हा मीच भांडलो होतो, भिलाईहून दुर्गला जायला काय पासपोर्ट लागतो का म्हणून. शब्द मागे घेतो.

८ नोव्हें., शनि.
प्रॅक्टिस चालू. जहाजातून रबरी बोटीत उतरताना खलाशाचा हात धरायचा असतो, पंजा नाही, कोपराखालचा भाग. रोहिणीने व्हिडिओ पाठवला. मी दिवाणावर उभा, वि. खाली. मी खलाशी, ती प्रवासी. मग उलट. तिसऱ्या वेळी दोघंही गादीवर. वि.ला हसू आवरेना. "या वयात काय करून राहिलो आपण, कोणी खिडकीतून पाह्यलं तं?"
आमच्या वस्तीत, रुआबांध्यात, सगळ्यांना बातमी लागली आहे. मीच लावली.

१२ नोव्हें., बुध.
जहाजाचा फॉर्म, आठ पानं. एक पान फक्त बेटांच्या सुरक्षेचं. फळं, बी-बियाणं, माती, कच्चं लाकूड, झाडाचा कोणताही भाग, काही आणता का? सगळ्यांपुढे 'नाही' लिहून सही केली.
रोहिणी फोनवर: "बाबा, ये सबसे इम्पॉर्टंट आहे. एक बी पडलं तरी बेटाची वाट लागते. तिथं जे आहे ते हजारो वर्षांपासून तसंच आहे."
मी म्हटलं, कोणाला सांगते? एकतीस वर्षं रेल मिलमध्ये, म्हणजे रूळ बनतात तिथे, इन्स्पेक्शन केलं. हातात टॉर्च आणि खडू. केसाएवढी चीर दिसली की रेल बाजूला. शिफ्टवाले शिव्या घालायचे, आपलेच लोक, एकाच गावाकडचे. एकदा सख्ख्या साडूच्या शिफ्टचा माल अडवला, तो दोन वर्षं घरी आला नाही. खडूची खूण करून 'पास' म्हटलं की मग कोणी परत तपासत नसे. रोहिणी लहानपणी गृहपाठ आणून म्हणायची, बाबा पास का?
बुटांच्या तळव्यातली माती टूथपिकने काढली. दोन तास गेले. मजा आली.

१६ नोव्हें., रवि.
दुलारीबाई आली. मागच्या गल्लीत राहते, गावाकडे थोडी शेती आहे. नवं धान निघालं की दरवर्षी धानाच्या लोंब्यांची झालर विणून आणते. इथे छत्तीसगडात घरोघरी दारावर बांधतात, चिमण्यांनी येऊन खावं म्हणून. यंदा दोन आणल्या. एक दाराची. दुसरी छोटी, वीतभर, फारच सुबक.
"ये ला ले जा काकाजी. उहां के चिरई मन घलो खाहीं."
तिथल्या पाखरांनीही खावं! किती मोठं मन बाईचं. ठरवलं, अल्दाब्राच्या चौकीत जे रखवालदार राहतात त्यांना भेट द्यायची, दारावर लावतील. भिलाईची आठवण. पेपरात गुंडाळून पाठीवरच्या बॅगेच्या खालच्या कप्प्यात ठेवली, चुरगळायला नको.

२० नोव्हें., गुरु.
निघालो. कुम्हारीला ट्रक आडवा झालेला, पाऊण तास जाम. वि.चा जीव वरखाली. मी ड्रायव्हरला चार वेळा घड्याळ दाखवलं, त्याने पाचव्या वेळी स्वतःचं दाखवलं. रायपूरचं विमान मिळालं. उद्या पहाटे मुंबईहून थेट माहे बेट, तिथून जहाज.
झोप येणार नाही. आलीच पाहिजे.

२२ नोव्हें., शनि. जहाजावर
काय लिहू! पांढरंशुभ्र, चार मजले. केबिनला काचेचं दार, दार उघडलं की समुद्र. उश्या कोणत्या हव्यात याचं कार्ड: मऊ, कडक, मध्यम, कापसाची, पिसांची. वि.ने स्वतःचा चहाचा कप विसळून ठेवला, केबिन सांभाळणारी मुलगी कावरीबावरी झाली. आता दोघींमध्ये स्पर्धा लागली आहे, कप आधी कोण उचलतं.
रोहिणी युनिफॉर्ममध्ये. खांद्यावर दुर्बीण. एवढ्या लोकांसमोर इंग्रजीत बोलते, लोक हसतात, प्रश्न विचारतात. मी मागच्या खुर्चीत बसून सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होतो, कोणी कंटाळला तर नाही. कोणी नाही. छाती फुगली. लिहितोच तसं, इथे कोण वाचतंय.
संध्याकाळी सगळ्यांच्या सामानाची तपासणी. आमच्या डेकची जबाबदारी रोहिणीकडे. बूट उलटे करून पाहिले, जॅकेटचे खिसे व्हॅक्यूमने साफ केले. मागे दहा जण रांगेत.
"बाबा, बॅग?"
मी म्हटलं, "पास."
ती हसली. यादीवर सही केली.

२४ नोव्हें., सोम.
दोन दिवस नुसतं पाणी. वि.ला मळमळ, मला नाही (हे तिला सांगितल्यामुळे भांडण). डॉल्फिन! तीसेक तरी. जहाजाच्या नाकाशी खेळत होते. एक म्हातारा जर्मन आणि मी, दोघं एकमेकांचा हात धरून ओरडत होतो. त्याला माझी भाषा येत नाही, मला त्याची नाही.
लीडरबाईंशी ओळख झाली. उंच, पन्नाशीच्या, आवाज हळू. समोरचा बोलतो तेव्हा पापणी हलवत नाहीत. मिलमध्ये असत्या तर आमचं जमलं असतं.

२५ नोव्हें., मंगळ. सकाळ
पहिलं बेट! इथे दोन दिवस नांगर. रबरी बोटीत उतरलो, खलाशाचा हात बरोब्बर कोपराखाली धरला. वि.ने तर एका दमात उडी. खलाशी 'ब्राव्हो' म्हणाला, ती दिवसभर त्याच धुंदीत.
एक पांढरा पक्षी, दुधासारखा, डोळे काळेभोर. घरटं बांधतच नाही. फांदीवर, नुसत्या फांदीवर, एक अंडं ठेवलेलं. वि. म्हणाली, "अगं माय! वारा आला तं?" रोहिणी म्हणाली, "नाई पडत आई. तो जागा पाहूनच ठेवते." वि. बराच वेळ हललीच नाही तिथून.
खेकडे शंख पाठीवर घेऊन फिरतात. किनाऱ्यावरच्या झाडाखाली पाठीवरची बॅग टेकवून पाणी प्यायला बसलो. पाय वाळूत. त्रेसष्ट वर्षांत पायाला एवढं सुख मिळालेलं नाही.

तोच दिवस, संध्या. ५
टॉवेल काढायला बॅग उपडी केली. पलंगावर धानाचे दाणे. टरफलासकट. खालच्या कप्प्याची चेन बोटभर उघडी, पेपर फाटलेला.
बी. मी बी घेऊन बेटावर गेलो! फॉर्मवर 'नाही' लिहून, सही करून. एकदाही, एकदाही डोक्यात आलं नाही. झालर म्हणजे झालर. दाराला लावायची वस्तू. तिला बी कोण म्हणतं आमच्याकडे?

संध्या. ६
झालर टेबलावर पसरून दिव्याखाली एकेक लोंबी तपासली. दाणा जिथून तुटतो तिथे खूण राहते. जुनी असेल तर तपकिरी, नवी असेल तर फिकी. नव्या खुणा एकोणीस. बॅगेत आणि पलंगावर मिळून दाणे तेरा. तीनदा मोजले. सहा कमी.
वि.ला सांगितलं. ती आधी हसली, मग माझा चेहरा पाहून थांबली.
"समुद्रात फेकून द्या झालर. चूप राहा."
"सहा दाणे बेटावर आहे, विमल."
"खाऱ्या वाळूत धान उगवते का कधी? आपल्या इथं पाणी देऊन देऊन नाई उगवत."
"ते मी कावून ठरवू?"
"अन् पोरीचं काय? तिनं सही केली हाये त्या कागदावर. बॅग न उघडता. कावून नाई उघडली? तुमी पास म्हनलं म्हणून! आता तुमी खरं बोलान अन् भोगन पोरगी."
ती बरोबर बोलत होती. साडूचा माल अडवला तेव्हा छाती काढून घरी आलो होतो. आज छाती कुठे गेली?
जेवायला गेलो नाही, पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

२६ नोव्हें., बुध.
सकाळी सहाला रोहिणीला डेकवर गाठलं. सगळं सांगितलं, झालर हातात दिली. ती झालरीकडे बघतच राहिली.
"बाबा यार..." एवढंच. मग, "दुलारीकाकीनं दिली?"
"हो."
"मी उघडायला पाहिजे होती. माझी मिस्टेक आहे."
"तुझी कशी? मी..."
"मेरी साइन है, बाबा."
आणि तडक लीडरबाईंकडे. मी मागे धावलो. तिने मला मध्ये बोलू दिलं नाही. बाईंनी पापणी न हलवता ऐकलं. मग मला एकच प्रश्न: कुठे बसला होता, दाखवू शकाल का?
कागदावर काढून दिलं. झाड, बुंधा, पाय कुठे, बॅग कुठे, कोणत्या बाजूला कलती. दुपारच्या ओहोटीला एक बोट सोडली. बाई, रोहिणी, मी आणि बेटावरचा एक रखवालदार.
वाळू पांढरी-पिवळी, दाणा पिवळा. वरून काही दिसेना. मी म्हटलं, टॉर्च द्या आणि छत्री. छत्रीची सावली केली, पोटावर आडवा झालो आणि टॉर्च जमिनीला टेकवून तिरपा मारला. रेलवरची चीर अशीच शोधतात. सरळ उजेडात लपते, तिरप्यात सावली पडते. पहिला दाणा तिथेच! मी ओरडलो. दुसरा बुंध्याशी. मग सगळेच आडवे, लीडरबाईसुद्धा. वीतवीत सरकत. तिसरा. चौथा, पाचवा वाटेवर.
खोटं कशाला लिहू, त्या दोन तासांत मी सगळं विसरलो होतो. एवढा आनंद रिटायर झाल्यापासून झाला नव्हता. शेजारी रोहिणी आडवी, नाकाला वाळू, "बाबा इधर, इधर मारो लाइट!" बाप-लेक एका ड्यूटीवर.
सहावा सापडला नाही. पाणी चढायला लागलं. रखवालदाराने जागेवर खुंटी ठोकली, महिना दोन महिने लक्ष ठेवतो म्हणाला. शंखवाल्या खेकड्याने ओढून नेला असेल, कदाचित.

२७ नोव्हें., गुरु.
निकाल. झालर जाळली, राखसुद्धा डब्यात बंद. आमचं सगळं सामान बाईंनी स्वतः तपासलं, शिवणीपर्यंत. आम्हा दोघांना अल्दाब्रावर उतरायची परवानगी. रोहिणीला नाही. तपासणीचं काम तिच्याकडून काढलं आणि अल्दाब्राच्या दिवशी ती जहाजावरच थांबणार.
मी बाईंना म्हटलं, मला थांबवा, तिला जाऊ द्या. त्या म्हणाल्या, तुम्ही पाहुणे आहात, ती माझ्या टीममध्ये आहे.
हेच वाक्य मी असतो तर म्हटलं असतं. म्हणून जास्त लागलं.
वि. माझ्याशी बोलत नाही. कप मात्र माझाही विसळते.

२९ नोव्हें., शनि. अल्दाब्रा
जाणारच नव्हतो. रोहिणी केबिनमध्ये आली, माझे बूट माझ्यासमोर आपटले. "बाबा, मी तीन वर्षं तुमाले हे दाखवायचं म्हणून राहिली. आता नाई गेले तं मी आयुष्यभर बोलणार नाई. जा अन् पाहून या. सब बताना मेरेको, एक एक चीज."
म्हणून गेलो. म्हणून सगळं लिहितो.
भरती सुरू झाली की सगळा समुद्र एका अरुंद वाटेने आत घुसतो आणि बोट इंजीन बंद करून त्या पाण्याबरोबर वाहत जाते. खाली पाणी काचेसारखं. कासवं, शेपटीवाले चपटे मासे, छोटे शार्क, सगळे आपल्याबरोबर आत निघालेले. कोणी कोणाकडे बघत नाही, जसे सगळे एकाच कामाला चाललेत. वि.ने माझा हात धरला. तीन दिवसांनी.
आत कांदळवनात फ्रिगेट पक्षी. शेकडो. नराचा गळा लाल फुग्यासारखा फुगलेला, माद्या वरून घिरट्या घालतात आणि हे खाली पंख पसरून थरथरतात. वि. म्हणाली, "लग्नाचा हॉल हाये हा." बोटीतल्या सगळ्यांना ते मी इंग्रजीत सांगितलं. हशा.
जमिनीवर कासवं. आपल्या कढईएवढी नाही, पलंगाएवढी! एक झाडाच्या सावलीत होतं, मी खाली बसलो तर मान लांब करून माझ्याकडे बघायला लागलं. श्वास ऐकू येत होता. दीडशे वर्षांचं असेल, रखवालदार म्हणाला. भिलाईत कारखाना नव्हता, भिलाई म्हणजे एक खेडं होतं, तेव्हाही हे असंच चरत असणार.
आणि रोहिणीच्या फोटोंतला तो छोटा पक्षी. अर्ध्या वाढीच्या कोंबडीएवढा, गळा पांढरा, पाय लांब. उडता येत नाही त्याला. जिथे माणसांनी मांजरी आणल्या त्या बेटांवर संपला. इथे उरला, कारण इथे कोणी काही आणू दिलं नाही. तो झुडपातून चालत आला, सरळ माझ्या बुटापाशी. लेसला चोच मारली. एकदा, दोनदा. वर माझ्याकडे बघितलं. भीतीच नाही. भ्यायचं असतं हे त्याला ठाऊकच नाही.
तिथे रडलो. सगळ्यांसमोर. जर्मन म्हाताऱ्याने रुमाल दिला.
परतताना जहाजाच्या कठड्याशी रोहिणी दोन्ही हात हलवत उभी. बोट टेकायच्या आत ओरडली, "दिखा? छोटावाला दिखा?" मी दोन बोटं दाखवली, दोनदा चोच मारली म्हणून. ती तिथल्या तिथे उड्या मारायला लागली.

२ डिसें., मंगळ. माहे
जहाज सोडलं. लीडरबाईंनी जिन्यापाशी थांबवलं. म्हणाल्या, रिपोर्टमध्ये दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत. बॅग न उघडता सही केली हे, आणि कळल्यावर पाच मिनिटांत माझ्याकडे आली हेही. पुढे ऑफिसात तिची मुलाखत होईल. माझ्या मताला वजन आहे, पण ते आज सांगणार नाही.
हात मिळवला. मी पण मिळवला, कोपराखाली धरून. त्या पहिल्यांदा हसल्या.

४ डिसें., गुरु. भिलाई
घरी. थंडी पडली आहे. दुलारीबाई वाटच बघत होती. "खाइन का, चिरई मन?"
काय सांगू? म्हटलं, पाच दाणे परत आणावे लागले. एक खाल्ला असेल कोणीतरी.
ती खूश झाली. एक तर एक.
मग वि.ने तिला बसवून सगळं खरं सांगितलं. दुलारीबाई म्हणाली, नोनी के नौकरी बर मैं उपास रहूं. म्हणजे आता पोरीच्या नोकरीसाठी तीही जीव लावून बसली.

१५ डिसें.
सकाळी फिरायला. तलावावर परदेशी बदकं आली आहेत, चाळीसेक. दरवर्षी येत असणार. मी एकतीस वर्षं याच रस्त्याने ड्यूटीला गेलो, एकदाही सायकल थांबवली नाही. आज वि.ला घेऊन गेलो. तिने बिस्किटाचा पुडा काढला. मी पुडा खिशात घातला.
बेटावरून रखवालदाराचा निरोप, रोहिणीमार्फत: खुंटीपाशी अजून काही उगवलं नाही.

२१ डिसें., रवि.
मुलाखत काल झाली. रोहिणीचा आज दुपारी फोन. आवाज मोकळा, भराभर बोलत होती. तिघं जण समोर होते, लीडरबाई त्यातल्या एक. दीड तास. पक्ष्यांचं सगळं आलं, भरतीचं आलं. शेवटी बाईंनी विचारलं, पुन्हा वडील आले तर?
"मी बोलली, सबसे पहले उन्हीकी बॅग खोलूंगी."
"मग?"
"मग काई नाई. लिहून घेतलं. निकाल जानेवारीत."
वि. स्वयंपाकघरातून, "हसल्या का त्या?" हसल्या की नाही ते तिला आठवत नव्हतं.
मला वाटलं ठेवते आता. तेवढ्यात म्हणाली,
"बाबा, एक विचारू? सच सच बताना. तुमी त्यांच्या जागी असते, तं मले ठेवलं असतं का?"
मी म्हटलं, आवाज कटतोय गं, ऐकू येत नाही, मी करतो मग.
आवाज अगदी स्पष्ट येत होता.